गुरुवारी साडेसातच्या आत

महिलांच्या आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धेत खेळायचं असेल तर स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी, नाव द्यावं लागतं. ग्रिनिचची दुपारी दोनची वेळ, आपल्याकडची संध्याकाळी साडेसातची. ती टळली की संकेतस्थळ नाव घेत नाही. मग स्वतःच्या खर्चानं त्या गावी जायचं, आणि पात्रता फेरीत कुणी आलं नाही तर आपला नंबर लागेल म्हणून रेफरीच्या टेबलाजवळ थांबायचं.

म्हणून बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरात गुरुवारी संध्याकाळी कुणी दुसरं काम काढत नाही. बाबांचे माग त्या दिवशी लवकर बंद होतात, आई शाळेतून आली की आधी चहा टाकते, आणि आम्ही तिघं लॅपटॉपभोवती बसतो. माझ्यासमोर स्पर्धांची यादी, बाबांसमोर हिशेबाची वही. एका आठवड्यासाठी एकापेक्षा जास्त ठिकाणी नाव देता येतं, पसंतीक्रम लावून. पुढच्या मंगळवारपर्यंत, म्हणजे स्पर्धेच्या १३ दिवस आधीपर्यंत, ते मागेही घेता येतं. या गुरुवार-मंगळवारच्या मधल्या दिवसांतच माझा मोसम ठरत गेला. कोण कुठे नाव देतंय, मेन ड्रॉची, म्हणजे मुख्य फेरीची, यादी कितव्या क्रमांकावर थांबली, तिकीट किती, कोर्ट कसलं, चेंडू कुठल्या कंपनीचे, हॉटेल कोर्टापासून किती लांब. ही यादी वाचता येणं फोरहँडइतकंच महत्त्वाचं आहे, असं मी या वर्षानंतर ठामपणे म्हणेन.

मी व्यावसायिक टेनिस खेळते असं बेळगावात सांगितलं की पुढचा प्रश्न बहुतेक एकच असतो : "विम्बल्डनला कधी गे?" विचारणारे मायेनं विचारतात, आणि मला ते आवडतं. लीला राव यांनी १९३४ साली विम्बल्डनवर सामना जिंकला, तसं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव या त्यांच्या आई. त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत भारतीय स्त्रीनं एकेरीचा सामना जिंकला म्हणून पुन्हा बातमी व्हायला १९९८ उजाडलं : निरुपमा वैद्यनाथन, ऑस्ट्रेलियन ओपन. सानिया मिर्झा २००७ साली एकेरीत जगात २७व्या क्रमांकावर पोचली. आजही आपल्याकडची कुणी मुलगी तिथवर गेलेली नाही. म्हणजे विम्बल्डनची शिडी किती उंच आहे ते दिसतं. मी तिच्या सगळ्यात खालच्या पायरीवर खेळते, आणि या पायरीविषयीच मला लिहायचं आहे, कारण खेळणाऱ्या बहुतेक मुली इथेच असतात आणि इथलं कुणी फारसं सांगत नाही.

आयटीएफच्या महिला स्पर्धांचे स्तर आहेत : डब्ल्यू-१५, डब्ल्यू-३५, डब्ल्यू-५०, डब्ल्यू-७५ आणि डब्ल्यू-१००. त्यांच्या वर महिला टेनिस संघटनेची डब्ल्यूटीए १२५, म्हणजे मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर होते ती स्पर्धा, आणि त्याही वर टीव्हीवर दिसणारं टेनिस. नावातला आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे क्रमवारीचे गुण. डब्ल्यू-१५ मध्ये ३२ जणींचा मेन ड्रॉ असतो. पहिली फेरी हरलात तर गुण शून्य, जिंकलात तर एक. आणि जागतिक क्रमवारीत नाव यायचं तर तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळवायला हवेत, नाहीतर एकूण किमान दहा गुण हवेत. गुण ५२ आठवडे टिकतात, मग गळून पडतात.

या वर्षीचं माझं काम एवढंच होतं : तीन ठिकाणी एकेक गुण, ५२ आठवड्यांच्या आत.

बेळगावातून हे करणं कसं असतं ते सांगायला हवं. माझं टेनिस कॅम्पातल्या लाल मातीच्या कोर्टावर सुरू झालं. पहाटे पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या आणि मग खेळायचं. सर म्हणायचे, ज्यानं कोर्ट केलं त्याला आधी खेळायला मिळेल. मातीवर चेंडू उसळी घेऊन सावकाश येतो, पाय घसरवत फटका मारता येतो, रॅली लांबते. भारतातल्या बहुतेक आयटीएफ स्पर्धा मात्र हार्डकोर्टवर. तिथे पाय रोवावे लागतात आणि चेंडू लवकर अंगावर येतो. त्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडचा पाऊस. खानापूर-जांबोटीकडून ढग आले की आठवडा आठवडा कोर्ट पिचपिचीत राहतं. चांगला सराव हवा तर कोल्हापूर, पुणे किंवा बंगळूर गाठावं लागतं. कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, पुणे साडेतीनशेच्या आत, बंगळूर पाचशे. तिन्ही एकाच हायवेवर, आणि आम्ही मध्ये.

मध्ये असण्याचे दोन्ही अर्थ मी अनुभवले. माझी नोंद कर्नाटकच्या राज्य संघटनेत आहे. पुण्यात स्पर्धा असली की कोर्टावरचं, कँटीनमधलं, रिक्षातलं सगळं बोलणं मराठीत. पण वाइल्ड कार्डचा, म्हणजे आयोजक क्रमवारी न बघता देतात त्या जागेचा, विषय निघाला की मी बाहेरच्या राज्याची. बंगळूरला कब्बन पार्कच्या कोर्टांवर मी घरची, पण माझं कन्नड बेळगावच्या बाजारातलं, भाजी घेण्याइतपत. तिथल्या मुली हसून इंग्रजीवर येतात. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. या वर्षी मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं : दोन्ही राज्यांतल्या स्पर्धा मला एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. संध्याकाळी घरी जेवून बस किंवा रेल्वे पकडली की सकाळी सरावाला हजर. चेन्नईच्या मुलीला सोलापूर लांब पडतं, दिल्लीच्या मुलीला बंगळूर लांब पडतं. मला दोन्ही जवळ. गेल्या काही वर्षांत सोलापूर, पुणे, नवी मुंबई, बंगळूर, इंदूर, गुरुग्राम अशा शहरांत महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झाल्या आहेत. त्यातल्या पहिल्या चार म्हणजे जवळपास घरचंच अंगण.

हिवाळ्यातले आठवडे म्हणून मी भारतातच ठेवले. क्रमवारी नसलेल्या मुलीला बहुतेक वेळा पात्रता फेरीतून यावं लागतं. मेन ड्रॉच्या ३२ जागांपैकी आठ पात्रता फेरीतून भरतात, आणि त्या आठ जागांसाठी कितीतरी मुली रविवारी सकाळी किट घेऊन उभ्या असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या शाळकरी मुली, अमेरिकेतल्या कॉलेजात खेळून आलेल्या मुली, आणि जपान, थायलंड, रशियाहून आलेल्या, ज्यांना आपल्या उन्हाची सवय नाही पण स्पर्धांची आहे. पात्रता फेरीत चेंडू उचलायला मुलं नसतात. दोन सेट बरोबरीत सुटले तर तिसरा सेट नसतो, दहा गुणांचा टाय-ब्रेक असतो. दोन तासांची मेहनत दहा गुणांवर येऊन ठेपते.

असा एक टाय-ब्रेक मला अजून जसाच्या तसा आठवतो. पात्रता फेरीचा शेवटचा सामना, समोर जपानची मुलगी. माझ्यापेक्षा खूप नीट खेळणारी, एकही चेंडू फुकट न देणारी. पहिला सेट तिनं घेतला, दुसरा मी. दुसऱ्या सेटमध्ये माझ्या लक्षात आलं की उंच, सावकाश चेंडू तिच्या बॅकहँडला खांद्याच्या वर आला की ती मागे सरकते. हा चेंडू मातीवरचा. कॅम्पात तासन् तास मारलेला. हार्डकोर्टवर तो कुणी मारत नाही, कारण जरा आखूड पडला की समोरची तो मारून टाकते. मी तोच मारत राहिले. टाय-ब्रेकमध्ये ती ८-६ ने पुढे होती. त्यानंतर सलग चार गुण मी जिंकले. दोन लांब रॅली, एक सर्व्हिस, आणि शेवटी तिचा नेटमध्ये गेलेला बॅकहँड. हात मिळवताना ती कमरेत वाकून काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. मी मराठीतच "छान खेळलीस" म्हणाले.

दोन दिवसांनी मेन ड्रॉची पहिली फेरी जिंकले. पहिला गुण. पुढच्या फेरीत मानांकित खेळाडूनं मला तासाभरात हरवलं, तरी त्या संध्याकाळी मी आनंदात होते. गल्लीतल्या काकूंनी आईला विचारलं, "हरली तरी पेढे कसले गे?" आईनं त्यांना एका गुणाचं गणित समजावून सांगितलं. मुख्याध्यापिका असल्यासारखं, फळ्यावर मांडावं तसं. माझ्याहून चांगलं सांगते ती.

मे संपला आणि गुरुवारची बैठक अवघड झाली. भारतातल्या महिलांच्या स्पर्धा मुख्यतः हिवाळ्याच्या आगेमागे असतात. उन्हाळा-पावसाळ्यात खेळायचं तर बाहेर जायला हवं, आणि घरी कोर्ट ओलं. ट्युनिशियातलं मोनास्तिर, इजिप्तमधलं शर्म अल शेख, तुर्कस्तानातलं अंतल्या अशा ठिकाणी डब्ल्यू-१५ स्पर्धा ओळीनं होत असतात, कधी आठवड्यामागून आठवडा. एकाच ठिकाणी राहून अनेक स्पर्धा खेळता येतात, विमानाचा खर्च एकदाच. खालच्या पायरीवरच्या जगभरातल्या मुली म्हणूनच तिथे दिसतात. आम्ही मोनास्तिर ठरवलं.

बाबा सोबत येणार नव्हते, कोच तर नाहीच. दोघांचा खर्च म्हणजे एका मागाची किंमत. माझी दुहेरीची जोडीदार सोलापूरकडची. तिच्यासोबत खोली वाटून घेतली, म्हणून जमलं. प्रार्थना ठोंबरे बार्शीच्या, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियासोबत दुहेरीत ब्राँझ आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिक. माझी जोडीदार त्यांचं नाव घेऊनच मोठी झाली आहे. तालुक्याच्या गावातून हे होतं, याचा तिच्याजवळ घरचा पुरावा आहे. मला तो तिच्याकडून मिळाला.

समुद्राकाठचं टेनिस वेगळं असतं हे ऐकून होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, बंगळूर नऊशेच्या वर. विरळ हवेत चेंडू जास्त उडतो, म्हणून तारा घट्ट ठेवाव्या लागतात. मोनास्तिरला चेंडू जड वाटायचा, आणि वारा तर सतत. रॅकेटच्या तारा बाबाच लावतात. जुनं स्ट्रिंगिंगचं मशीन त्यांनी पुण्याहून आणलं आणि शिकून घेतलं. आयुष्यभर मागावर काम केलेल्या माणसाला उभ्या-आडव्या तारा नव्या नव्हत्या. मेन तारांना ते ताणा आणि क्रॉसना बाणा म्हणतात. निघताना त्यांनी प्रत्येक रॅकेट दोन पौंड सैल लावून दिली होती आणि दांड्यावर चिकटपट्टीनं आकडा लिहिला होता. तिथे पोचल्यावर पहिल्याच सरावात कळलं की त्यांचा अंदाज बरोबर होता.

दिवस ठरलेले. सकाळी लवकर सराव, कारण दुपारी ऊन आणि कोर्ट दोन्ही मिळत नाही. संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा क्रम लागतो. खोलीत छोटा कुकर, त्यात भात. आईनं दिलेलं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. कुंदा नेला होता तो पहिल्याच आठवड्यात संपला, कारण शेजारच्या खोलीतल्या रोमानियाच्या मुलींना तो फार आवडला. संध्याकाळी आईचा फोन, पहिला प्रश्न नेहमीचा : "जेवलीस काय गे?" सामन्याचं नंतर.

पाळीबद्दल सांगायलाच हवं, कारण मुलींच्या खेळाबद्दल लिहिताना ते गाळलं जातं. मोसम इतका लांब की ती कधीतरी सामन्याच्या दिवशी येणारच. एका पहिल्या फेरीला माझे पाय शिसं भरल्यासारखे झाले होते. आता मी वहीत तारखा लिहून ठेवते, त्या दिवसांत खाणं-पाणी-झोप बदलते, आणि सरावाचा भार त्याप्रमाणे लावते. लहानपणी एखाद्या ताईनं हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी आता शिकवते त्या सकाळच्या बॅचला येणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना हे उघडपणे सांगते.

दुसरी गोष्ट त्याहून कडू. मेन ड्रॉचे सामने इंटरनेटवर गुणागुणानं दिसतात. जगात कुठेतरी कुणीतरी त्यावर पैसे लावतं. हरले त्या रात्री फोन उघडला की अनोळखी माणसांच्या शिव्या, आईबाबांविषयी, अंगाविषयी, कधी धमक्या. जिंकले तरी येतात, कारण समोरच्या मुलीवर कुणाचे तरी पैसे असतात. मला वाटायचं हे माझ्याच बाबतीत आहे. डब्ल्यूटीए आणि आयटीएफनं २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२४ च्या मोसमात ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे ८,००० शिवराळ संदेश नोंदले गेले आणि त्यातले ४० टक्के चिडलेल्या सट्टेबाजांचे होते. हे वाचून राग गेला नाही, पण एकटेपणा गेला. आता सामन्याच्या दिवशी इन्स्टाग्राम जोडीदाराच्या फोनवर असतं. ती आधी बघते, साफ करते, मग मला देते. मी तिचं करते. अशा मैत्रीशिवाय हा मोसम निभावणं मला शक्य नव्हतं.

मोनास्तिरला पहिले आठवडे पात्रता फेरीतच गेले. मग एका आठवड्यात शेवटच्या क्षणी एक खेळाडू आजारी पडली आणि मी लकी लूजर म्हणून, म्हणजे पात्रता फेरीत हरूनही रिकाम्या झालेल्या जागेवर, मेन ड्रॉमध्ये आत गेले. सकाळी सामान बांधत होते, दुपारी कोर्टावर. समोरची मुलगी डावखुरी, वारा तिच्या पाठीशी. मी एका बाजूनं उंच चेंडू आणि दुसऱ्या बाजूनं स्लाइस असं करत, वाऱ्याशीच खेळल्यासारखी खेळले आणि तिसऱ्या सेटमध्ये जिंकले. दुसरा गुण तो.

आता पैशांचं. बाबांच्या वहीत टेनिसचं पान वेगळं आहे, आणि ते मी कुणापासून लपवत नाही. डब्ल्यू-१५ स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर, तीही एकेरी-दुहेरी मिळून सगळ्यांत वाटायची. मेन ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरलं तर हातात येतात दीडशे डॉलरच्या आत, आणि बऱ्याच देशांत त्यातून कर कापला जातो. त्या पैशांत हॉटेलच्या दोन-तीन रात्री निघतात. स्पर्धा जिंकणाऱ्या मुलीलाही अडीच हजार डॉलरच्या आतच मिळतात. आयटीएफनं २०१३ च्या आकड्यांवरून पाहणी केली होती. त्यात महिलांमध्ये खर्च आणि मिळकत यांचा मेळ क्रमवारीत साधारण २५३व्या क्रमांकाला बसत होता, आणि त्या खर्चात कोच धरलेलाच नव्हता. मी तर अजून क्रमवारीतच नव्हते.

मग कसं चालतं? सकाळच्या बॅचची फी. आईचा पगार. दोन उन्हाळी शिबिरं, एक टिळकवाडीत, एक निपाणीला. मामांनी एका तिकिटाचे पैसे दिले आणि परत घ्यायला नकार दिला. दुहेरीचे सामने, ज्यांतून थोडे जास्तीचे डॉलर मिळतात. बाबांनी एक माग विकला. तो जुना झाला होता असं ते म्हणतात. मी त्यावर काही बोलत नाही, पण त्या आठवड्यापासून प्रत्येक सराव मी वेगळ्या गांभीर्यानं करते.

हे सगळं पाहून कुणी म्हणेल की हा व्यवहार नाही, वेड आहे. माझं मत वेगळं आहे. परदेशातला आठवडा महाग आहे, टेनिस महाग नाही. त्याच स्तराची, तेवढ्याच गुणांची स्पर्धा सोलापूरला असते तेव्हा माझा खर्च एसटीचं तिकीट, साधी खोली आणि खाणावळ इतकाच. वहीत दोन्ही पानं शेजारी ठेवली की मोनास्तिरच्या एका आठवड्यात जवळच्या कितीतरी स्पर्धा बसतात. ऋतुजा भोसले २०२३ च्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आल्या तेव्हा आमच्याकडे पेपरात पहिल्या पानावर फोटो होता, आणि त्या महिन्यात माझ्या बॅचला बऱ्याच नव्या मुली आल्या. त्यांतल्या बहुतेक सोळा-सतरा वर्षांच्या झाल्या की थांबतात. खेळ कमी पडतो म्हणून नाही. पुढची स्पर्धा विमानाच्या अंतरावर असते म्हणून.

पावसाळा ओसरल्यावर मी परत आले. तिसरा गुण शरद ऋतूत भारतातल्याच एका स्पर्धेत मिळाला. तो सामना मी चांगला खेळले नाही, तरी जिंकले. सर्व्हिस चालत नव्हती, म्हणून दुसऱ्या सेटपासून पहिली सर्व्हिसही सावकाश टाकली आणि रॅलीवर भर दिला. त्यानंतरच्या सोमवारी डब्ल्यूटीएची क्रमवारी जाहीर झाली, त्यात माझं नाव होतं. हजाराच्या पुढे, पण होतं. नावापुढे देश असतो, गाव नसतं. बाबांनी ते पान छापून आणलं आणि मागाच्या खोलीत लावलं, जिथे विठोबाचं कॅलेंडर आहे त्याच्या शेजारी. कामाला येणाऱ्या कन्नड मावशींनी बोट ठेवून नाव वाचलं आणि मला म्हणाल्या, "चलो माडिदी, आक्का." चांगलं केलंस.

क्रमवारीमुळे लगेच फरक पडला. ज्या यादीत मी तळाला असायचे तिथे आता पात्रता फेरीत थेट जागा मिळते, कधी कधी मेन ड्रॉच्या यादीच्या कडेलाही पोचते. पण पहिला गुण हिवाळ्यातला आहे. येत्या हिवाळ्यात तो गळेल. तोपर्यंत दुसरा मिळवला नाही तर तीन स्पर्धांची अट मोडते आणि नाव यादीतून जातं. पुढच्या वर्षाचं नियोजन त्यावरूनच केलं आहे : आधी पुणे-सोलापूर-बंगळूरकडच्या सगळ्या स्पर्धा, मग शक्य झालं तर डब्ल्यू-३५, जिथे एक सामना जिंकण्याचं मोल जास्त आहे. बाहेर फक्त पावसाळ्यात, आणि तेही जोडीदार सोबत असेल तर.

याशिवाय एक काम हाती घेतलं आहे. २०२३ मध्ये धारवाडला पुरुषांची आयटीएफ स्पर्धा झाली. इथून दोन तासांवर. म्हणजे आमच्या भागात कोर्ट, हॉटेल, प्रेक्षक, माणसं जमवता येतात हे दिसून आलं आहे. महिलांसाठी तशी स्पर्धा धारवाडला किंवा बेळगावला व्हावी, यासाठी राज्य संघटनेकडे अर्ज करायचा आहे. लागतं ते सगळं मी लिहून काढलं : एकाच प्रकारची पुरेशी कोर्टं, सरावाची कोर्टं, रेफरी आणि पंच, फिजिओ, जवळ डॉक्टर, ठरलेले चेंडू, मुलींना सुरक्षित राहण्याची सोय आणि १५,००० डॉलर बक्षिसं. बक्षिसाचे साधारण तेरा लाख रुपये होतात, बाकीचा खर्च वेगळा. त्याच्या बदल्यात मेन ड्रॉमध्ये काही वाइल्ड कार्डं मिळतात, आणि खानापूर, चिकोडी, हुक्केरीच्या मुलींना जागतिक क्रमवारीतल्या खेळाडू पंधरा फुटांवरून बघायला मिळतात.

बॅचच्या मुली चेंडू उचलायला तयार आहेत. बाबा तारा लावायला तयार आहेत, मशीन आहेच. हिंदवाडीतल्या दोन घरांनी खेळाडूंसाठी खोल्या देऊ केल्या. राहिलेत पैसे. त्यासाठी मी उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांना भेटायला लागले आहे, सरावानंतर, दुपारच्या सुट्टीत. दोघांनी हिशेबाचा कागद ठेवून घेतला, एकानं पुढच्या आठवड्यात मालकांसमोर बसायला बोलावलं आहे.